अभंगाच्या मधी ॥ध्रु॥ छापलेलं असतं ते नेमकं काय? कडवी चार आन नंबर तीनच

सेलूचा_टाळकरी:
राम कृष्ण हरी माऊली. सवाल साधाच हाय पण आठ दिवसापासून डोकं खायलाय म्हणून इथं टाकायलोय. आमच्या गावात सप्ताह होता. संध्याकाळच्या हरिपाठाला औंदा पहिल्यांदाच पोरीला रांगेत उभं केलं, चौथीत हाय ती, गळ्यात टाळ अडकवलेले आन हातात ती पातळ पुस्तिका, कारण तिला पाठ नाही. पहिलाच अभंग. देवाचिये द्वारी झालं, हरि मुखे म्हणा झालं, पुण्याची गणना कोण करी म्हणून सगळे दम घ्यायला थांबले आन तेवढ्या शांततेत ही बया एकटीच खणखणीत आवाजात म्हणली, "ध्रु!"

मृदंगवाल्याचा हात थांबला बघा. विणेकरी आबा एरवी हसत नाहीत, ते पण हसले. पोरगी रडकुंडीला आली की पुस्तकात छापलंय तेच तर वाचलं मी.

आता तिचं काय चुकलं, छापलेलंच हाय तिथं, दोन दंडाच्या मधी ध्रु. घरी आल्यावर तिनं मला बसवून दाखवलं की पप्पा पहिल्या कडव्याला एक, दुसऱ्याला ध्रु, तिसऱ्याला दोन आन ज्ञानदेव म्हणेला तीन. कडवी चार नंबर तीन, एकाचा नंबर कुणी खाल्ला? मी वीस वर्षं झाली टाळ धरायलो पण कधी ध्यानातच आलं नाही. तुकोबांची गाथा काढून बघितली तर तिथंबी तेच, सुंदर ते ध्यानला एक आन खालच्या तुळशीहाराच्या कडव्याला ध्रु. पुढं दोन तीन.

आम्ही बोलताना त्याला धुरपद म्हणतोत, "धुरपद धरा" म्हणतेत महाराज, एवढं कळतंय. पण शब्द आला कुठून, अर्थ काय, आन ते दुसऱ्याच कडव्याला का? आबाला विचारलं तर आबा म्हणले ध्रुवबाळाच्या नावानं हाय ते. पटलं नाही पण उलट काय बोलावं तेबी सुचलं नाही.

फक्त_वाचक:
पोरीला माझ्याकडून पाच रुपयाचं चॉकलेट. मीबी लहानपणी आरतीत "जय देव जय देव धृ" असंच म्हणायचो, कुणी टोकलंच नाही.

धुऱ्यावरचा:
अहो टाळकरी त्यात काय एवढं. धुरपद म्हंजे धुऱ्यावरचं पद, धुरा म्हंजे शेताचा बांध. मी शेतकरी माणूस, मला जे दिसतंय ते सांगतो. वखर हाणताना बैल तासानं, म्हंजे वखराच्या रेघेनं जातेत, धुऱ्याला टेकले की वळतेत, परत दुसरं तास धरतेत, परत धुरा. अभंगात तेच हाय की, एक कडवं म्हणलं की परत धुरपदावर यायचं, तिथून वळायचं, मग पुढचं. आमच्या वडलांनीबी मला असंच सांगितलं होतं, वडील पखवाज वाजवायचे, अंगठा छाप होते पण साडेतीनशे अभंग तोंडपाठ. तुम्ही म्हणताव ते ध्रु बिरू छापणाऱ्याची चूक असंल.

गोदाकाठची_मास्तरीण:
धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या वडलांना नमस्कार, पण छापणाऱ्याची चूक नाही ती. शब्द ध्रुव आहे. ध्रुव म्हणजे हलत नाही ते, ठाम, पक्कं, ध्रुवतारा म्हणतो तोच. ध्रुवपद म्हणजे न हलणारं पद, गाण्यातली बाकीची कडवी येतात आणि जातात, हे एक जागचं हलत नाही, परत परत तेच येतं. ध्रुवपदाचं बोलताना ध्रुपद झालं, आपल्याकडं जीभ आणखी सैल म्हणून धुरपद. पुस्तकात जागा वाचवायला नुसतं पहिलं अक्षर ठेवलं, ध्रु. एवढंच.

जाता जाता एक, शाळेत तीस वर्षं लाल शाई घातली म्हणून राहवत नाही. बऱ्याच आरती संग्रहात धृ छापतात. ते चूक. ध्रु मधे र आणि उकार आहे, धृ मधे ऋ. धृपद लिहायची चाल आता इतकी रुळलीय की कोशवाले पण सोडून देतात, पण मूळ शब्द ध्रुव, त्यामुळं ध्रुच बरोबर. लग्नपत्रिकेत ध्रुव नावाच्या नवरदेवाचं धृव करून ठेवतात ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि टाळकरी, तुमच्या आबांना वाटतं तितकं चुकीचं समजू नका. ध्रुवबाळाला देवानं काय दिलं? अढळपद. आता ध्रुवपद या शब्दाचा अक्षरशः अर्थ काय, अढळ पद. बाळाच्या नावावरून गाण्याचं नाव पडलं नाही, पण दोघांच्या नावात शब्द एकच आहे. आबांनी घर चुकवलं पण गल्ली बरोबर धरली.

आता तुमच्या पोरीचा खरा प्रश्न, दुसऱ्याच कडव्याला का. त्याचं उत्तर आपल्याच मराठवाड्यात पडलंय, देवगिरीच्या किल्ल्यापाशी. रात्री लिहिते, आत्ता कुकरची शिट्टी झाली.

उदगीर_बॉर्डर:
आमच्याकडं सीमेवर कानडी तेलुगू दोन्ही कानावर पडतंय, तिथल्या गाण्यात याला पल्लवी म्हणतेत. पल्लवी, अनुपल्लवी आन मग चरणम, दरवेळी चरणम संपलं की पल्लवीवर परत. मराठीत आपण म्हणतो ना "झालं ह्याचं पालुपद सुरू", ते पालुपद म्हंजे धुरपदच की. मला तर पालुपद हे त्या पल्लवीच्या घरातलंच वाटतंय, पल्लव म्हंजे कोवळी पालवी, तोडली की परत फुटणारी. आमची आई मला रोज म्हणायची तुझं एकच पालुपद, पैशे दे पैशे दे. तवा कुठं माहीत होतं की मी संगीतातलं काही करायलोय.

नांदेडवाला:
ह्या धाग्यावर मला बोलावंच लागंल कारण नामदेव महाराज आमच्याकडले. नरसी आता हिंगोली जिल्ह्यात हाय, पहिले परभणीत होती, १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. तर नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात हायेत, तो ग्रंथ गुरु अर्जनदेवांनी १६०४ मधी पहिल्यांदा तयार करवला. मी नांदेडात गुरुद्वाऱ्याजवळच लहानाचा मोठा झालो, घरी माळकरी आन कानावर पहाटपासून कीर्तन गुरबाणीचं, आमच्या आजीला दोन्ही सारखंच, ती म्हणायची नाम्याचंच हाय ना मग झालं.

तर गुरबाणीतबी असंच छापलेलं असतंय. एका ओळीनंतर लिहिलेलं असतंय "रहाउ". मी लहान असताना मित्राला विचारलं होतं हे रहाउ कोण. तो सरदार पोरगा, त्याला पण सांगता येईना, त्याच्या वडलांनी सांगितलं की रहाउ म्हंजे रहा, थांब. शबदाचा, म्हंजे त्या पदाचा, सगळा अर्थ ज्या ओळीत गोळा झालेला असतो तिथं थांबून ध्यान दे. आन रागी लोक, म्हंजे गुरुद्वाऱ्यात गाणारे, गाताना तीच ओळ धरून बसतेत, बाकीच्या ओळी गाऊन परत परत तिथं येतेत. म्हंजे धुरपदच!

आता टाळकरी तुमच्या पोरीसाठी मजा सांगतो. तिथंबी नंबरची तीच गंमत हाय. बऱ्याच शबदात पहिल्या कडव्याला एक, मग रहाउच्या ओळीला पण परत एक आन त्याच्यापुढं रहाउ लिहिलेलं, मग पुढच्याला दोन. म्हंजे तिकडं त्या कडव्याचा नंबर खाल्ला नाही, त्याला सवता नंबर दिला. पण मोजणीच्या रांगेत त्याला धरलं नाही, हे दोन्हीकडं सेम.

२०१५ ला पंजाबात घुमानला मराठी साहित्य संमेलन झालं तवा आमच्या इथून लै लोक गेले होते, नामदेव तिकडं राहिले म्हणून. मला जायला जमलं नाही, कापूस वेचणी नसती तर गेलो असतो असं म्हणत होतो, पण एप्रिलात कुठली आलीय वेचणी, खरं कारण पैशे नव्हते.

सेलूचा_टाळकरी:
नांदेडवाले भाऊ हे रहाउचं एकदम भारी सांगितलंत. पोरीला वाचून दाखवलं, ती म्हणली मग आपण पण ध्रुच्या ऐवजी "थांब" छापायचं ना, मी वाचलं नसतं.

बाई तुमच्या रात्रीची वाट बघायलोय. कुकर झाला असंल.

गोदाकाठची_मास्तरीण:
झाला, जेवणं पण झाली, नातू पण झोपला. आता बसते.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचं राज्य होतं. राजा सिंघण. त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. घराणं मूळ काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले, वडील यादवांच्या चाकरीत, आणि हा स्वतः राजाच्या हिशेबखात्यावर मोठा अधिकारी. म्हणजे दिवसभर जमाखर्च. अशा माणसानं संगीतरत्नाकर नावाचा ग्रंथ लिहिला, सात अध्यायांचा, आणि तो असा लिहिला की उत्तरेतले आणि दक्षिणेतले दोन्ही गायक आजही त्याला आपला म्हणतात. दौलताबादला आपण किल्ला बघतो, चांदमिनार बघतो, खाली भुट्टा खातो आणि परत येतो, पण संगीत शिकणाऱ्यानं तिथं एक नमस्कार ह्या माणसासाठी करावा असं माझं मत आहे.

त्या ग्रंथात एक अख्खा अध्याय प्रबंधाचा आहे. प्रबंध म्हणजे तेव्हाचं बांधलेलं गाणं. आणि गाण्याचे भाग सांगितलेत, त्यांना तो धातू म्हणतो. पहिला उद्ग्राह, म्हणजे उचल, जिथून गाणं उचलायचं. मग मेलापक, जोडणारा. मग ध्रुव. आणि शेवटी आभोग, गाणं पुरं करणारा. काही प्रकारांत ध्रुव आणि आभोगाच्या मधे अंतरा येतो. आता नीट वाचा, मेलापक गाळला तर चालतो, आभोगही गाळता येतो, पण ध्रुव गाळता येत नाही. म्हणून त्याचं नाव ध्रुव. परत परत येतो म्हणूनही, आणि त्याच्याशिवाय गाणं उभंच राहत नाही म्हणूनही.

आता हरिपाठाचा पहिला अभंग काढा. देवाचिये द्वारी, ही उचल. हरि मुखे म्हणा, हा ध्रुव. असोनि संसारी, हा अंतरा. आणि ज्ञानदेव म्हणे, हा आभोग, कारण आभोगात रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं अशी रीत त्या ग्रंथातच आहे. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे हे सगळं शेवटी का येतं ते आलं का लक्षात. आता ज्ञानदेव किंवा तुकोबा काही शास्त्राचं पुस्तक उघडून बसले नव्हते, गाण्याची जी चौकट लोकांच्या कानात शेकडो वर्षं मुरलेली होती त्याच चौकटीत त्यांचे शब्द पडले असं मी समजते. उचलीनंतर ध्रुव, म्हणून दुसऱ्या कडव्याला ॥ध्रु॥. त्याच्या आधीच्या बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या गीतगोविंदात पण प्रत्येक अष्टपदीत पहिल्या ओळींनंतर येणाऱ्या पालुपदाला ध्रुव म्हणूनच खूण असते.

आणि ह्याच्याही मागे जायचं तर भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकात गायच्या गाण्यांना ध्रुवा असंच नाव आहे, पात्र रंगमंचावर येताना एक, जाताना एक, अशा पाच जातीच्या. पण तो वेगळा विषय, तिकडं गेले तर सकाळ होईल.

नंबर का नाही? कारण नंबर असतो क्रमाला. एक झालं की दोन, दोन झालं की तीन. ध्रुवपदाला क्रमच नाही, ते एक नंतर येतं, दोन नंतर येतं, तीन नंतर पण येतं. त्याला कोणता आकडा घालणार? म्हणून आकड्याच्या जागी नाव. पोरीला सांगा की नंबर कुणी खाल्ला नाही, त्या कडव्याला नंबर लागत नाही. काही प्रकाशक मात्र सरळ दोन घालतात, विशेषतः हरिपाठाच्या स्वस्त पुस्तिकांत, तेव्हा घरात दोन वेगळ्या पुस्तिका असतील तर पोरगी परत गोंधळेल, आधीच सांगून ठेवा.

शेवटचं. ध्रुवपद म्हणजे तुटकी ओळ नव्हे, पुरतं कडवं असतं, मापाला बाकीच्यासारखंच. बोटावर मोजा. ह-रि-मु-खे-म्ह-णा सहा. परत तेच सहा. पु-ण्या-ची-ग-ण-ना सहा. को-ण-क-री चार. सहा सहा सहा चार, मोठ्या अभंगाचं माप. देवाचिये द्वारी पण तसंच मोजून बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक, म्हणा आणि गणना, भरी आणि चारी. मी वर्गात हे शिकवताना पोरांना टाळ्या वाजवायला लावायचे, शेजारच्या वर्गाचे गुरुजी तक्रार घेऊन यायचे.

धुऱ्यावरचा:
बाई मी वाचलं सगळं, दोनदा वाचलं. तुम्ही शिकलेल्या, तुमचं खरं असंल. पण मग माझ्या बापानं सांगितलेलं सगळं खोटं का? धुऱ्यावर वळायचं ते बसतंय की नाही बरोबर? मला तुमचं ते ध्रुव म्हंजे न हलणारं हे ऐकून उलट असं वाटायलंय की धुरापण हलत नाही. हलवला तर कोर्टात जावं लागतंय. आमचं चालू हाय चुलत्यासोबत, अकरा वर्षं झाली.

गोदाकाठची_मास्तरीण:
खोटं नाही हो भाऊ. चित्र अगदी बरोबर आहे, तेवढी व्युत्पत्ती जमत नाही. शब्दाचं मूळ वेगळं, लोकांनी त्यात बघितलेलं चित्र वेगळं. धुरा हा शब्द धुर् वरून, जू, गाडीची दांडी, म्हणून धुरा सांभाळणे. ध्रुवचं मूळ वेगळं. पण तुमच्या वडलांनी धुरपद ऐकलं आणि त्यांना शेत दिसलं, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

जालनाकर_७:
मी सहसा इथं फक्त वाचतो, पण धुऱ्यावरच्या काकांसाठी लिहायलोय कारण काका तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय बोलून गेलात.

आम्ही कॅथलिक. लहानपणापासून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला जातो, माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी सगळं लॅटिनमधे चालायचं, शब्द सगळे पाठ आणि अर्थ एकाचाही नाही. मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते ६५, त्यानंतर आपापल्या भाषेत प्रार्थना करायची मोकळीक मिळाली आणि मराठीत सुरू झालं. आजी म्हणायची पहिल्यांदा मराठीत ऐकलं तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं, देवाला मराठी येतं हे पचायला वेळ लागला.

तर आमच्या उपासनेत एक छोटी ओळ असते, ती एकजण म्हणतो आणि बाकी सगळे मिळून उत्तराची ओळ म्हणतात. त्या छोट्या ओळीला व्हर्सिकल म्हणतात. उदाहरण द्यायचं तर सकाळच्या प्रार्थनेची सुरुवात होते त्यात एकजण म्हणतो की प्रभू माझे ओठ उघड, आणि बाकीचे म्हणतात की म्हणजे माझं तोंड तुझी स्तुती करील. हे स्तोत्रसंहितेतलं ५१ वं स्तोत्र आहे, एकच वाक्य, ते दोन तुकडे करून दोघांत वाटलंय. आणि ऐका, जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकांत त्या ओळीच्या आधी व्ही हे अक्षर छापलेलं असतं, त्याच्यावर एक तिरकी रेघ मारलेली, बऱ्याचदा लाल शाईत. उत्तराच्या ओळीला तसंच रेघ मारलेलं आर. मी लहानपणी एका म्हाताऱ्या फादरना विचारलं होतं की हे अक्षर खोडलंय का. म्हणजे टाळकरी भाऊ, तुमची पोरगी एकटी नाही. ती मोठ्यानं म्हणाली, मी घाबरून हळू विचारलं एवढाच फरक.

आता काका तुमचं. व्हर्सिकल हा शब्द लॅटिन व्हर्सिक्युलस वरून, म्हणजे लहानशी ओळ. त्यातलं मूळ व्हर्सस, ओळ. कवितेला इंग्रजीत व्हर्स म्हणतात ते पण तिथूनच. आणि हे व्हर्सस आलंय वळणे या अर्थाच्या धातूवरून, व्हर्तेरे. आणि त्या शब्दाचा जुना अर्थ काय माहितीये का? नांगराचं तास! शेतकरी तासाच्या टोकाला जातो, वळतो, परत दुसरं तास. लिहिणारा ओळीच्या टोकाला जातो, वळतो, दुसरी ओळ. रोमन लोकांनी तेच बघितलं जे तुमच्या वडलांनी बघितलं. मराठीत ते बसलं नाही पण लॅटिनमधे तंतोतंत बसतंय.

एक बारीक फरक मात्र सांगतो. व्हर्सिकल परत परत येत नाही, ती एकदाच, सवाल जवाबासारखी. धुरपदासारखी जी ओळ आमच्याकडं आहे तिला अँटिफन म्हणतात, स्तोत्राच्या आधी आणि नंतर गातात ती. ग्रीक शब्द, समोरासमोरचा आवाज असा अर्थ, कारण दोन बाजूला दोन रांगा उभ्या राहून आलटून पालटून गायच्या. आणि मिस्सामधे वाचन झाल्यावर स्तोत्र म्हणतो तेव्हा गाणारा एकेक कडवं म्हणतो आणि लोक दरवेळी एकच प्रतिसाद देतात. म्हणजे चर्चमधे बसून आम्ही दर रविवारी धुरपद धरतो, नाव माहीत नव्हतं.

धुऱ्यावरचा:
😄😄 आता आलं का! रोमन माणूस शेतकरी होता म्हणायचं. बाई बघा, माझा बाप अंगठा छाप होता पण लॅटिन येत होतं त्याला.

जालनाकर भाऊ तुमच्या आजीचं ते देवाला मराठी येतं वालं वाचून लै हसलो. आमच्या इथं उलटं, देवाला मराठीच येतं असं समजतेत, भटजी संस्कृतात बोलायले की म्हातारे म्हणतेत लवकर आटपा.

नांदेडवाला:
दोन रांगा समोरासमोर, आलटून पालटून... ओ जालनाकर, हे तर आमच्या हरिपाठाचं वर्णन झालं की. दोन रांगा, तोंडं एकमेकाकडं, मधी विणेकरी.

उदगीर_बॉर्डर:
एक शंका. मी मोबाईलवर जे अभंग ऐकतो, मोठमोठ्या गायकांचे, त्यात तर पहिली ओळच घोळतेत. सुंदर ते ध्यान सुंदर ते ध्यान, दर कडव्यानंतर तेच. तुळशीहारावर कुणी परत येत नाही. मग गाथेतलं ध्रु गेलं कुठं?

गोदाकाठची_मास्तरीण:
चांगलं पकडलंत. ती मैफलीची पद्धत. तिथं पहिली ओळ म्हणजे मुखडा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायला तीच सोयीची, आणि लोकांनाही अभंग पहिल्या ओळीनंच ओळखू येतो. शिवाय हिंदुस्थानी गायकीत स्थायी आणि अंतरा ही सवय, त्यामुळं सुरुवातीचंच स्थायी होऊन बसतं. वारकरी भजनात मात्र अजून दुसऱ्या कडव्यावर येतात. आणि हरिपाठात तर त्याच्यापुढची पायरी, पहिल्या अभंगाचं धुरपद पुढच्या सगळ्या अभंगांना लावतात, कोणताही अभंग घ्या, शेवटी हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा. बाकीच्या सत्तावीस अभंगांची आपली दुसरी कडवी तिथं बिचारी गुपचूप बसून राहतात.

आणि हो, ग्वाल्हेरकडचं जे ध्रुपद गायन म्हणतात, राजा मानसिंह तोमराच्या दरबारात ज्याला मोठा मान मिळाला, ते पण ह्याच ध्रुवपदावरून. एका शब्दाचे दोन संसार झाले, एक दरबारात गेला आणि तासभर आलापी करून मग पखवाजावर पद गायला लागला, एक आपल्याकडं सप्ताहात राहिला आणि धुरपद झाला. पखवाज दोघांकडं सारखाच हे एक बरं झालं.

फक्त_वाचक:
बंगालीत पण याला धुया म्हणतात, तोही शब्द ध्रुव वरूनच. कंपनीत सोबत एक बंगाली आहे त्याला आत्ता विचारलं. त्यानं वरून मलाच विचारलं की तू भजन कधीपासून करायला लागलास.

सेलूचा_टाळकरी:
सगळ्यांना दंडवत. एवढं येईल वाटलं नव्हतं. आबांना फोन लावून अढळपदाचं सांगितलं, आबा म्हणले "मग मी काय वेगळं सांगितलं होतं?" आन ठेवून दिला फोन.

पोरीला मी बाईंचं सगळं समजावलं, उद्ग्राह बिद्ग्राह तिच्या डोक्यावरून गेलं, पण नंबर लागत नाही हे लगेच कळलं. तिनं पेन्सिल घेतली आन पुस्तिकेत त्या ध्रुच्या बाजूला एक बाण काढला, वळून माघारी जाणारा, गाडीच्या यू टर्नची पाटी असते तसा. मग प्रत्येक अभंगाच्या शेवटी तसाच बाण, अठ्ठावीस बाण. मी म्हणलं अगं पुस्तक खराब करायलीस, तर म्हणली त्या काकांनी सांगितलं ना धुऱ्यावर वळायचं.

धुऱ्यावरचे भाऊ तुम्ही नेमके कोणत्या गावचे? पुढच्या एकादशीला आमच्याकडं भजन हाय, पोरगी म्हणायलीय की काकांना बोलवा.

धुऱ्यावरचा:
जिंतूर तालुका. येतो की. पण संध्याकाळी सातच्या पुढं, लाईट दिवसाची हाय औंदा, पाणी सोडून यावं लागंल. आन पखवाज असंल तर सांगा, बापाचा हाय घरी, उजव्या पुडीची शाई थोडी गेलीय त्याची पण डावीला कणीक लावली की वाजतोय.